रिकामी गाडी उडते

टायरच्या कडेवर काय काय लिहिलेलं असतं ते मी यंदाच्या मे महिन्यात शिकले. रुंदी, उंची, रिमचा आकडा, एका टायरवर किती वजन टाकता येतं तो आकडा, आणि शेवटी चार अंक. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बी.एस्सी. झाल्यापासून इतकं मन लावून मी काही वाचलं नव्हतं. दुपारी माझा मुलगा, सुगत, झोपला की मोबाइल घेऊन बसायची आणि जे कळेल ते त्याच्या दवाखान्याच्या फाइलमधल्या कोऱ्या कागदांवर लिहून ठेवायची. सासूबाई येता-जाता पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "परीक्षा हाय का वो तुही?"

परीक्षाच होती म्हणा ना.

आमची एक पिकअप आहे. माझा नवरा, अश्विन, ती चालवतो. सकाळी गावातला भाजीपाला भंडाऱ्याच्या बाजारात नेतो, तिथून मिळेल ते भाडं घेतो. चारही टायर झिजले होते, मागचे दोन तर हात फिरवला तर पाटीसारखे लागत. पावसाळ्याआधी बदलायचे हे दोघांनाही मान्य होतं. कोणते घ्यायचे यावर आमचं जमत नव्हतं. अश्विनला सरळ रेघांचे हवे होते. गाडी दिवसभर डांबरावर असते, डिझेल कमी लागतं, आवाज होत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हवे होते मोठ्या गट्टूंचे, चिखल-मुरूम-डांबर सगळीकडे चालतात ते. दुकानात त्यांना ऑल-टेरेन म्हणतात.

अश्विन डांबराचा विचार करत होता आणि मी तीन किलोमीटरचा. आमचं गाव कारध्याच्या आतल्या बाजूला आहे. कारध्यावरून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. पण आमच्या घरापासून डांबरी रस्त्याला लागायला तीन किलोमीटर कच्चा रस्ता लागतो, काळ्या मातीचा, आणि त्याच्या मधोमध एक नाला.

सुगत चार वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, आईबाप दोघंही वाहक असले की मुलाला होऊ शकणारा रक्ताचा आजार. माझी तपासणी कॉलेजच्या शिबिरात झाली होती; मी वाहक आहे असं कार्ड माझ्याजवळ होतं. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरी एकच गोष्ट अभिमानानं सांगितली गेली, की आम्ही पत्रिका पाहत नाही. खरंच पाहिली नाही. विहारात लग्न झालं, साधं, चांगलं. पण पाहायचं होतं ते कार्डही कुणी पाहिलं नाही. मीच दाखवलं नाही. ते माझ्या गुणपत्रिकांच्या पिशवीत होतं. अश्विनचं रक्त पहिल्यांदा तपासलं ते सुगत दीड वर्षाचा असताना.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुगतचे पाय दुखायला लागले आणि आम्ही निघालो, तर गाडी नाल्यात फसली. चाक जागच्या जागी फिरत होतं. अश्विननं चाकाखाली तणस, धानाचा पेंढा, टाकली, कुणीतरी कोंड्याचं पोतं आणून ओतलं, मी सुगतला मांडीवर घेऊन समोर बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांनंतर मला जगात दुसरा कुठला प्रश्नच दिसत नव्हता. गाडी नाल्यातून निघाली पाहिजे. बस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुगतची तपासणी होती. ती आटोपून आम्ही तिघं तसेच भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेलो, हायवेवरच्या टायरच्या दुकानात. मालकाला सगळे भय्याजी म्हणतात. अश्विन त्यांना सरळ रेघांचे टायर दाखवा म्हणाला आणि मी फाइल उघडली. मी मला हव्या त्या टायरचं माप सांगितलं, वजनाचा आकडा सांगितला, आणि दाखवलेल्या पहिल्याच टायरचे चार अंक वाचून हा दोन वर्षांपूर्वीचा आहे, नवा काढा, म्हणाले.

भय्याजींनी चष्मा वर केला. "वकील घेऊन आला काय गा घरून?"

"वकील नाई," अश्विन म्हणाला, "जज हाय. तिलेच इचारा आता."

तो हसत म्हणाला, पण खुर्ची मला दिली आणि सुगतला घेऊन बाहेर उभा राहिला. भय्याजींनी मला हवे ते टायर काढून दाखवले. गट्टू इतके खोल की माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत जायचं. त्यांनी टायरवर गुडघा दिला, दाबून दाखवला, तो दबला नाही. प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "याचं अंग कडक असते मॅडम. गाडी भरली असली तं पत्ता नाई लागत. रिकामी असली तं उडते."

"उडली तर उडू द्या," मी म्हणाले. "रिकाम्या गाडीत बसतं कोण?"

हे मीच म्हणाले. भय्याजींनी पोऱ्याला जॅक लावायला सांगितलं.

पाऊस लागला आणि आठ दिवसांत गावाला कळलं की अश्विनची गाडी नाल्यातून निघते. गावात आणखी दोन पिकअप आहेत. त्या डांबराच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि आमची सरळ आत यायची, गट्टूंमध्ये चिखल भरून, पाठीमागे फेकत. मी ओट्यावरून पाहायची. आपण लिहिलेलं उत्तर बरोबर आल्यासारखं वाटायचं. अश्विनही एकदोनदा लोकांसमोर म्हणाला, हे टायर आपल्या पसंतीचे नाहीत, घरच्यांच्या पसंतीचे आहेत.

मग रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची रोपं बांध घातलेल्या तुकड्यांत, बांध्यांमध्ये, लावायचं काम. आमच्याकडे ते बायाच करतात. एका गावची टोळी गुत्त्यानं, म्हणजे कामाची एकरकमी मजुरी ठरवून, दुसऱ्या गावच्या शेतावर जाते. सकाळी गाडीत भरून न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. शेतं आत असतात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, जिथं बाकीच्या गाड्या जाऊ शकत नव्हत्या. आमच्या गावच्या टोळीची पुढारी पार्वताबाई. ती घरी आली, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायली आणि सांगून गेली की यंदा बावीसही जणी अश्विनच्याच गाडीत जातील, कारण मागच्या साली त्या अर्धा रस्ता चिखलात पायी गेल्या होत्या.

म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत गाडी तिथंच थांबणार होती; भाड्यावर असली तर निदान फोन लागायचा. टायर कोणते असावेत याचा मी महिनाभर विचार केला होता. गाडी कुठं असेल याचा नाही.

मी अश्विनला म्हटलं, नका जाऊ. तो चिडला नाही. फोन कर, अर्ध्या तासात येतो म्हणाला. पाळीखाली रेंज नसते हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी वाद घातला नाही. बाया शेतावर पोचल्याच नाहीत तर रोपं पिवळी पडतात, त्यांचा हंगाम वीस-पंचवीस दिवसांचा, हे मला दिसत होतं. सुगतला गरम ठेवायचं, पाणी पाजत राहायचं, ओल्यात जाऊ द्यायचं नाही. एवढंच माझ्या हातात होतं. मी ते केलं. दिवसाला किती पेले पाणी, तेही लिहिलं.

त्या दिवशीही आठ पेले झाले होते. पाऊस सकाळपासून होता, हवेत गारठा होता, मी त्याला दोन शर्ट घातले होते. तीनच्या सुमारास तो झोपेतून उठला आणि म्हणाला, "मम्मी, पाय."

तो रडत नाही. म्हणजे सुरुवातीला नाही. पाय पोटाशी घेतो आणि कुणी जवळ आलं की हात पुढं करून थांबवतो. सासूबाई जवळ गेल्या तर त्यांनाही थांबवलं. मी औषध दिलं, तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलं. फडकं लावू देईना. दहा मिनिटांनी कपाळ तापायला लागलं. ताप आणि दुखणं एकत्र आलं की घरी थांबायचं नाही, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

तीन दहाला पहिला फोन लावला. लागला नाही. ॲम्बुलन्सला लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला तासभर, आणि तीही डांबरापर्यंतच. त्यांचं खरंच होतं, नाल्यातून ती निघाली नसती. मी परत अश्विनला लावला. परत. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि एका हातानं लावत राहिले. सासूबाईंनी देव्हारा नाही म्हणून बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. 

तीन पन्नासला फोन लागला. चार पंचवीसला गाडी चौकात आली. बावीस बायांसकट, त्यांना पाळीखाली पावसात सोडून येणार कसा? गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर युरियाच्या पोत्याच्या खोळी. मी सुगतला चादरीत घेऊन धावले आणि ओरडले, उतरा, लवकर उतरा. त्या आधीच उतरत होत्या. "उतरा वो, गाडी हलकी होऊ द्या, पोराले लवकर जाऊ द्या," असं एकमेकींना म्हणत, मागचा फाळका उघडायची वाट न पाहता बाजूनं उड्या टाकत होत्या. सगळ्यांना तेच वाटलं. अश्विनलाही. गाडी हलकी असली की चिखलातून लवकर निघते.

सासूबाई घरीच थांबल्या. मी समोर बसले, सुगतला मांडीवर घेतलं. अश्विननं गाडी काढली.

गाडी चिखलात घसरली नाही. पण शाळेपासून पुढं रस्त्यावर जागोजागी मुरूम टाकलेला आहे, गोट्यांसारखा, आणि तिथं गाडी उडाली. सुगत ओरडला. असं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा उडाली, पुन्हा ओरडला. मी त्याला सीटपासून वर उचलून धरलं, दोन्ही हातांवर, कुठं काही लागू नये म्हणून. तरी प्रत्येक गोटा माझ्या हातातून त्याच्या हाडांत जात होता. मला तो जाताना कळत होता.

अश्विननं वेग कमी केला. काही फरक नाही. मग थांबला, खाली उतरला, चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. पुन्हा निघालो. दहा पावलं. सुगतनं माझ्या खांद्याला दात लावले.

रिकामी असली तं उडते. जूनमधलं ते वाक्य मला तेव्हा आठवलं. कडक अंग, खोल गट्टू, वजनाचा मोठा आकडा. सगळं मी निवडलं होतं, आणि सगळं नाल्यासाठी होतं. नाल्यातून आपण काय घेऊन जाणार आहोत ते मी कुठंच लिहिलं नव्हतं.

मागून कुणीतरी फाळक्यावर थाप मारली. पार्वताबाई होती. चौकापासून गाडीमागं चालत आली होती, आणि तिच्यामागं बाकीच्या.

"रिकामी हाय म्हणून उडते बापा," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "आमी बसून आलो तं लोण्यावानी आली. थांब, आमी बसतो."

अश्विन म्हणाला, "माय, आजचं वावर नाल्याच्या इकडं होतं. भरली गाडी नाल्यात फसन. मांगच्या साली रिकामीच फसली होती." त्याचा आवाज चढला होता. मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग. काय करू?"

त्यानं टोमणा म्हणून नाही विचारलं. मला टायरचं कळतं, म्हणून विचारलं. मी हिशेब करायला गेले, बावीस जणींचं वजन, चिखल, उतार, सोडलेली हवा. काहीच जुळेना. नाल्यात अडकलो तर चाळीस मिनिटं. असंच गेलो तर तीन किलोमीटर हे ओरडणं. 

"तिले काय इचारतं," पार्वताबाई म्हणाली. "फसली तं आमी बावीस जणी कायले हावो? उतरून ढकलू. चढा वो पोरींनो."

त्या चढल्या. दिवसभर वाकून रोवणा केलेल्या बाया, कुणाचं घर पन्नास पावलांवर, कुणाची चूल पेटायची होती, सगळ्या पुन्हा मागं बसल्या. एकमेकींना चिकटून, खाली, फळ्यांवर. गाडी मागून दबली. मला ते दबणं समोर बसून कळलं. अश्विन निघाला.

गाडी डुलत चालली. उडत नव्हती. सुगत कण्हत होता, पण ते ओरडणं थांबलं.  एका खड्ड्यात सगळ्या एका बाजूला कलल्या तेव्हा मागच्या जाळीतून आवाज आला, "हळू घे गा, पोते फाटतीन." दोघीतिघी हसल्या. पार्वताबाई म्हणाली, पोती बोलत नसतात, गप बसा.

नाल्यात पाणी होतं. अश्विननं गाडी उतारावर घातली. मधोमध आल्यावर चाकं फिरायला लागली, गाडी एका बाजूला सरकली, आणि मी डोळे मिटून घेतले. इंजिनचा आवाज खोल गेला. मग गट्टूंनी खाली काहीतरी पकडलं. आम्ही वर आलो. मागच्या बायांच्या पाठीवर चिखल उडाला असणार, कुणी शिवीही दिली नाही. ह्या क्षणासाठी मी मे महिना घालवला होता. मला काही वाटलं नाही. मी सुगतच्या ओठांकडे पाहत होते, ते कोरडे पडले होते.

पुढं डांबर, कारधा, पूल. डांबरावर टायरचा आवाज होतो, भुंग्यासारखा. अश्विन आधी म्हणायचाच.

सरकारी दवाखान्याच्या फाटकात शिपायानं गाडी थांबवली आणि मागं पाहिलं. एवढे नातेवाईक आत जाणार नाहीत म्हणाला.

"नातेवाईक नोहोत," पार्वताबाई फाळक्यावरूनच म्हणाली. "आमी वजन हावो."

त्याला काही समजलं नाही. त्यानं आम्हा तिघांना आत सोडलं. सुगतला सुई लागली, सलाईन लागलं, डॉक्टरांनी फाइल पाहिली, चांगली ठेवली म्हणाले. अर्ध्या तासानं तो माझं बोट धरून पडून राहिला. डोळे उघडे होते. दुखणं कमी झालं की नाही हे तो सांगत नव्हता आणि मी विचारत नव्हते. खिडकीतून फाटक दिसत होतं. बाया भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या होत्या, पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. अंधार पडायच्या आत अश्विन त्यांना घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन आला. सुगत झोपला होता. माझा हात त्याच्या पायावर होता. अश्विननं सांगितलं की बाया आज एकाच्या ट्रॅक्टरवर गेल्या, अर्धीच टोळी. नाल्यापलीकडची बांधी तशीच राहिली. पार्वताबाईनं त्याला गाडी घरीच ठेवायला सांगितलं होतं. भय्याजींना त्यानं फोन केला होता. सरळ रेघांचे नरम टायर टाकले तर उडणं थोडं कमी होईल, पण मग नाल्याचं विसरा, असं ते म्हणाले. दोन्ही देणारा टायर त्यांच्या दुकानात नव्हता. कुठल्याच दुकानात नव्हता. हे मला मेमध्येच कळायला पाहिजे होतं.

त्यानं डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाला, "मांगं रेतीचे पोते टाकून ठेवतो. आठ-दहा. कायमचे."

मी लगेच हो म्हणाले. कालपासून मला पटलेलं असं हे पहिलंच होतं. आठ पोती, पन्नासाची, चारशे किलो, मागच्या दोन चाकांवर; माझ्या डोक्यात आकडे सुरूही झाले.

अश्विन डब्याच्या झाकणाकडे पाहत होता. "मंग बाया कुठी बसतीन? पोते आन् बाया, दोन्ही घेऊन नाल्यातून नाई निघत. रोवणा आखीन पंधरा दिवस हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता, कालच्यासारखंच. मी उशाजवळची फाइल घेतली. मागच्या कागदांवर रुंदी, उंची, आठवडा, वर्ष, पाण्याचे पेले, सगळं माझ्या अक्षरात होतं. एक कागद कोरा होता. मी फाइल मिटून ठेवली.

सुगतनं झोपेत पाय थोडा हलवला. मी माझा हात उचलून घेतला. त्याचंही वजन त्याला होत असेल.